पंख्यापायी पिवळा पडलेला सेल

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे. रिमोटमध्ये घालतात तो नव्हे, उजेड पिऊन वीज देणारा. जुना म्हणजे किती जुना, असं विचाराल तर दीड वर्षाचा. हसा, हसा! पण आमच्या घराण्यात दीड वर्ष म्हणजे पणतवंडं खेळवायचं वय. आमच्यातले कित्येक जण सकाळी जन्मतात आणि संध्याकाळी गचकतात. त्यांच्या मानाने मी म्हणजे अगदी पिकलं पान.

आमच्या घराण्याचं नाव पेरोव्स्काइट. जीभ वळत नसेल तर आमच्यावरचे दिवे सांभाळणाऱ्या दिवेमामांसारखं सरळ 'पेरू' म्हणा, मला राग नाही.

आमचे एक थोरले चुलते आहेत, सिलिकॉनचे. तुम्ही त्यांना छतांवर बघितलं असेल. निळसर काळे, जाडजूड, तोंडावर माशी हलत नाही. एकदा छतावर चढले की वीस-पंचवीस वर्षं उतरायचं नाव नाही. पाऊस झोडपतो, धूळ बसते, कबुतरं नको ते करून जातात, पण काका हूं की चूं करत नाहीत. त्यांना घडवायला मात्र धगधगती भट्टी लागते, खर्च दांडगा. आमचं तसं नाही. आम्ही शाईसारखे ओतले की तयार. स्वस्त, पातळ, चलाख. उजेड दिसला की अधाशासारखा पितो. खोट एकच, आम्ही टिकत नाही. ओल लागली की संपलो, उष्णता वाढली की संपलो. आणि गंमत ऐका, ज्या उजेडावर जगायचं तो उजेडही आम्हांला फार दिवस सोसवत नाही. भाताची ऍलर्जी असलेला माणूस भाताच्याच कोठारात जन्मावा, तशातली गत.

आम्हांला टिकाऊ कसं करायचं, या एकाच गोष्टीमागे प्रयोगशाळेतली एक बाई हात धुऊन लागली होती. तिला सगळे झाकणताई म्हणायचे. का, तर ती दिवसभर ओरडायची, "झाकण!" बाटली उघडी दिसली, "झाकण!" डबी उघडी दिसली, "झाकण!" एकदा तिथल्या मोठ्या साहेबांच्या चहाच्या कपाकडे बघूनसुद्धा तिच्या तोंडून निघून गेलं होतं. हवेतली ओल ही तिची सात जन्मांची वैरीण. कुठे फट दिसली की ताईच्या कपाळावर आठी.

माझा जन्म एका काचेच्या मोठ्या पेटीत झाला. त्या पेटीत ओल नाही, नेहमीची हवा नाही. बाहेरून दोन लांबलचक काळे रबरी हातमोजे आत लोंबतात. त्यांत कोपरापर्यंत हात घालून ताई काम करायची. हात अडकलेले, त्यामुळे चष्मा नाकावरून घसरला की पंचाईत. मग ती ओरडायची, "मामा, चष्मा!" दिव्यांच्या खोलीतून दिवेमामा यायचे, एका बोटाने चष्मा वर सरकवायचे आणि म्हणायचे, "एक दोरी बांध की गं त्याला. मी काय चष्म्याच्या नोकरीला आहे का?" ताईने दोरी कधी बांधली नाही. मामांनीही यायचं कधी चुकवलं नाही.

तर काडेपेटीएवढी एक काच. तिच्यावर ताईने पिवळी शाई टाकली, काच गरगर फिरवली, शाईचा पातळ थर बसला. मग तापलेल्या तव्यावर ठेवलं. पिवळ्याचा झालो तपकिरी, तपकिरीचा काळाकुळकुळीत. मित्रांनो, आमच्यात काळं बाळ म्हणजे निरोगी बाळ. आणि पिवळं पडलं की कारभार आटोपला. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या अंगावर सोन्याच्या बारीक पट्ट्या चढवल्या. हो, सोन्याच्या! इतक्या पातळ की चोरसुद्धा ढुंकून बघणार नाही. वर दुसरी काच बसवली आणि चारी कडांना काळं चिकट रबर दाबून लावलं. त्या रबराखालून केसासारख्या दोन तारा बाहेर काढल्या. ताईने भिंग लावून चारी बाजू तपासल्या आणि म्हणाली, "आता वाराच काय, वाऱ्याचा बापही आत येणार नाही."

माझ्यासारखी आणखी अकरा भावंडं त्याच दिवशी झाली. सगळ्यांची रवानगी दिव्यांच्या खोलीत. ही खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी. वरून पांढरे रणरणते दिवे, खालून ऊब, आणि रात्र नावाची गोष्टच नाही. सतत भर दुपार! तिथे किती दिवस तग धरतो, हीच आमची परीक्षा. प्रत्येकाच्या विजेची एक रेघ पडद्यावर उमटायची. सेल ठणठणीत असला की रेघ सरळ, सेल खंगला की रेघ खाली घसरलेली.

मामा रोज सकाळी यायचे आणि हाक द्यायचे, "काय मंडळी, आज कोणाचा नंबर?"

एकाच्या पोटात बुडबुडे आले. एकाला डाग पडले. माझ्या शेजारचा भलता तेजदार होता, पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त वीज त्याची. साहेबांनी त्याच्याबरोबर फोटो काढला होता. तो पहिल्याच आठवड्यात पिवळा पडला. एकेक करत खोली रिकामी होत गेली आणि मी राहिलो. माझी रेघ सरळ. महिना उलटला, रेघ सरळ. ऋतू पालटला, रेघ तश्शी.

ताईला आधी वाटलं, यंत्र बिघडलंय. तिने यंत्र बदललं. रेघ सरळच.

मग तिचे कान टवकारले. तिने तीच शाई, तीच काच, तेच रबर घेऊन पुन्हा एक खेप केली. सगळे गेले. आणखी एक केली, तेही गेले. माझ्यातच असं काय होतं, कोणाला कळेना. मलाही ठाऊक नव्हतं हो! आपण का जगतोय, हे जगणाऱ्याला कुठे ठाऊक असतं?

ताईने बेत ठरवला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला दिव्याखाली असंच ठेवायचं. परीक्षा पुरी झाली की, मी काळाकुळकुळीत असतानाच, त्या ओल नसलेल्या पेटीत मला कापायचं आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, की हा टिकला कसा.

"जिवंतपणीच कापायला हवा मामा," ती म्हणाली. "पिवळा पडल्यावर सगळे सारखेच दिसतात. मग काही कळत नाही."

"म्हणजे बिचारा परीक्षा पास झाला की बक्षीस म्हणून कापायचा?" मामा म्हणाले. "पेरूच तो शेवटी!"

मला ते मंजूर होतं. माझ्या एकट्याच्या कापण्यातून पुढच्या हजारोंना छतावर काकांच्या शेजारी बसता आलं असतं. याहून चांगलं मरण आमच्यात कोणाला आलंय?

संध्याकाळी ताईच्या आईचा फोन यायचा. आईला यातलं काही कळत नव्हतं, पण चौकशी माझीच आधी.

"काच आहे ना गं अजून?"

"आहे गं आई. मस्त आहे."

"आणि तू? जेवलीस?"

"काच जेवली. मी जेवते आता."

"त्या काचेच्या सासूबाई व्हायला निघालीस तू," आई म्हणायची आणि दोघी हसायच्या.

आता साहेबांचं सांगतो. माणूस वाईट नव्हता. एरवी ताईला 'तू' म्हणायचे, पण 'मॅडम' म्हणाले की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार. त्यांचा जीव एका पंख्यात अडकलेला होता. लाल पात्यांचा, तळहाताएवढा, खेळण्यातला पंखा. रुमालात गुंडाळून खणात ठेवायचे. कोणी पाहुणा आला की ताजा ताजा सेल घ्यायचा, त्याला पंखा जोडायचा, दिवा धरायचा. पंखा गरगर फिरला की पाहुणा लहान मुलासारखा खूश. मग चहा, बिस्किटं, फोटो. सेल संध्याकाळी पिवळा होऊन कचऱ्यात. इथली रीतच होती ती. पंखा फिरला म्हणजे काम झालं, असं सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं होतं.

एक दिवस साहेब दिव्यांच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"मॅडम."

ताईने मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे.

"उद्या पाहुणे येतायत. तुमचं हे टिकाऊपणाच्या कामाचं टेबल चालू ठेवायचं की बंद करायचं, तेच ठरवणार आहेत."

"बरं झालं सर. रेघ दाखवते ना त्यांना. इतके महिने एका पातळीत आहे."

"रेघ? अगं, पाहुणे आहेत ते, ज्योतिषी नाहीत. पंखा लावू."

"नव्या सेलवर लावा की. आजच एक करून देते."

"नव्यावर दरवेळी लावतो. या वेळी या म्हाताऱ्यावर लाव. मग पटेल त्यांना."

"याला हलवायचा नाही सर. परीक्षा मोडेल."

"पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय का?"

साहेब गेल्यावर मामा म्हणाले, "आजोबा धडधाकट आहेत, म्हणून त्यांना शर्यतीत पळवायचं. अक्कल बघा!"

"मी रेघच दाखवणार मामा," ताई म्हणाली. "समजावून सांगितलं की कळतं माणसांना."

मामांनी एक दिवा उगाचच पुसायला घेतला. मामांनी उगाच दिवे पुसणं म्हणजे फार वाईट लक्षण.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पुढे एक भारदस्त बाई, त्यांच्या मागे फोनमध्ये डोकं घातलेले एक फोनवाले आणि बिस्किटं चघळणारे एक बिस्किटवाले. ताईने पडद्यावर माझी रेघ लावली आणि मनापासून सांगायला लागली. ओल कशी शिरते, उष्णता काय करते, माझ्या पोटातले कण उजेडात कसे जागा सोडून भटकतात, आणि या एका सेलमध्ये ते कसे गप्प बसलेत. बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी उजेड प्यायचा विसरेन की काय असं मला वाटलं.

बिस्किटवाल्यांनी हळूच विचारलं, "हे बंद पडलंय का?"

"काय?"

"ही रेघ. हलत नाहीये."

"नाही नाही, चालू आहे. चालू आहे म्हणूनच हलत नाही."

"म्हणजे यात काहीच होत नाहीये."

"हो!" ताई म्हणाली. "काहीच होत नाहीये. तेच तर..."

फोनवाल्यांनी जांभई दिली. ती बाईंना लागली, बाईंची बिस्किटवाल्यांना. मित्रांनो, त्यांची तरी काय चूक? टिकणं ही गोष्टच मुळी बघण्यासारखी नसते. घर पडलं तर गर्दी जमते, उभं असलेलं घर बघायला कोण येतं?

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. रुमालातून पंखा निघाला. बिस्किटवाले लगेच सरसावून पुढे झाले.

त्यांनी मला दिव्यांखालून काढून टेबलावर ठेवलं, वर एक दिवा धरला आणि माझ्या त्या केसासारख्या तारांना पंखा जोडला. पण परीक्षेच्या तारा त्या, मापापुरत्या. त्यांतून पंख्याला पुरेल एवढी वीज जाईना. पात्याने एक उचकी दिली आणि ते थांबलं.

"दमला वाटतं म्हातारा," फोनवाले म्हणाले. सगळे हसले. साहेब सगळ्यांत मोठ्याने.

ताईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांची तिची मेहनत, आणि तिच्यावर हसतंय कोण, तर खेळण्यातला पंखा!

"तारांमुळे होतंय ते," ती म्हणाली. "सेल उत्तम आहे."

"मग जाड क्लिप लाव ना," साहेब तिच्या कानाशी पुटपुटले. "कडेचं ते काळं जरासं खरवड. आतली पट्टी उघडी पडली की झालं. नंतर परत चिकटव. अगं, टेबल जाईल तुझं."

भारदस्त बाईंनी घड्याळात बघितलं.

ताईने ब्लेड उचललं.

दारातून मामांचा आवाज आला, अगदी हलका, "ताई... झाकण."

तिने ऐकलं. तिचा हात थांबलाही. पण पंखा समोर होता, निःशब्द, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो तिने वर केला नाही. कडेचं रबर तिने खरवडलं. नखभर. जास्त नाही.

क्लिप बसली आणि पंखा सुटला! काय सुटला म्हणून सांगू! लाल पात्यांचा नुसता गोल दिसत होता. टेबलावरचे कागद उडाले, बिस्किटवाल्यांचे चार केस उडाले. टाळ्या वाजल्या. बाई म्हणाल्या, "वा! एवढा जुना आणि एवढा दम!"

"पुन्हा लावा, पुन्हा," फोनवाले म्हणाले. त्यांना चित्रफीत काढायची होती. पुन्हा लावला. मग बाईंबरोबर. मग साहेबांबरोबर. मग चहा आला. पाच मिनिटांचा तास झाला. मी नखभर उघडा, तसाच टेबलावर.

हवा ही चिवट पाहुण्यासारखी असते. बोलवावी लागत नाही, आणि एकदा आत आली की जायचं नाव घेत नाही.

सगळे गेल्यावर ताईने नवं रबर लावलं, भिंगातून कितीदा तरी बघितलं आणि मला दिव्याखाली ठेवलं. रेघ सरळ होती. "वाचला," ती म्हणाली. मामा म्हणाले, "हं."

थोड्या दिवसांनी पाहुण्यांचा निरोप आला. साहेब पेढे मिळाल्यासारखे हसत आले.

"मॅडम, अभिनंदन! सगळे जाम खूश आहेत. म्हणाले, टिकण्याचा प्रश्न सुटला."

"सुटला? सर, हा एकच सेल आहे. का टिकला तेच माहीत नाही."

"सुटलाय असं त्यांचं म्हणणं आहे. त्यामुळे हे टेबल आता नको. आता मोठ्या काचा करायच्या, जास्त विजेच्या. तुला तिकडे घेतलंय. दिव्यांची ही खोली खोक्यांना देऊ."

ऐकलंत, मित्रांनो? नापास झालो असतो तर टेबल बंद होणार होतं. पास झालो, म्हणूनही बंद झालं! माझ्यासारख्या टवाळालासुद्धा याच्यावर विनोद सुचेना.

आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या खरवडलेल्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका आला होता.

ताई मला घेऊन साहेबांकडे धावली. "सर, कड पिवळी पडतेय."

"पुसून टाक की."

"आतून पडलीय सर. आत्ताच कापून बघायला हवं. मोठ्या सूक्ष्मदर्शकावर आजचा वेळ मिळवून द्या, प्लीज."

"तिथे रांग आहे. तुझी पाळी उन्हाळ्यात, तूच मागून घेतलेली. आणि हे बघ, सगळीकडे आनंदीआनंद आहे, त्यात तू हे पिवळं पिवळं करू नकोस."

ती सूक्ष्मदर्शकवाल्यांकडेही गेली. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सहानुभूती दिली. वेळ दिला नाही. ओळीत उभे असलेले इतरही आपापल्या परीने बुडतच होते.

ठिपका वाढला. तांदळाचा वाटाणा झाला, वाटाण्याचं नाणं. पडद्यावर माझी रेघ वाकली आणि मग जिन्यावरून गडगडत जावी तशी खाली आली. आता ती हलत होती. आता बघण्यासारखी झाली होती. पण बघायला कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला.

"काच आहे ना गं अजून?"

ताईने पडद्याकडे पाठ फिरवली. "आहे," ती म्हणाली. "आहे गं."

"आणि तू जेवलीस?"

या वेळी कोणी हसलं नाही.

मामांनी दिवे विझवले. एकेक करत. पेटीतून बाहेर आल्यापासून मी अंधार बघितला नव्हता. आम्हां पेरूंना अंधारात जरा तरतरी येते, म्हणतात. मलाही आली, थोडीशी. पण त्या तरतरीने लाल पंख्याचं एक पातंसुद्धा हललं नसतं. "येतो रे पेरू," मामा म्हणाले, आणि खोक्यांना जागा करायला लागले.

उन्हाळ्यात पाळी आली, तेव्हा ताईने मला कापलं. आत सगळं पिवळं. जसा पहिल्या आठवड्यात गेलेला माझा शेजारी, तसाच मी. मी का टिकलो होतो, ते आता कोणालाच कधी कळायचं नाही. ताई काळ्या हातमोज्यांत हात घालून नुसती बघत उभी होती. चष्मा घसरला होता. तिने हाक मारली नाही. मामा आपणहून आले आणि एका बोटाने चष्मा वर केला. दोरीचं काही बोलले नाहीत.

माझ्यात थोडं शिसं आहे, म्हणून मला साध्या कचऱ्यात टाकत नाहीत. ताईने माझे तुकडे एका डबीत ठेवले. घट्ट झाकण लावलं, झाकणावर चिकटपट्टी फिरवली आणि वर लाल अक्षरांची पाटी लावली: 'उघडू नका.'

हीच पाटी माझ्यावर जिवंतपणी लावली असती तर?

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या आसपास एखादी गोष्ट गुपचूप टिकून असेल, तिच्यात काही म्हणजे काही होत नसेल, तर तिच्याशेजारी बसा आणि खुशाल जांभया द्या. कौतुक फारच उतू चाललं तर काचेच्या बाहेरून करा. ती टिकते हे चारचौघांना दाखवण्यासाठी तिची कड खरवडू नका, नखभरसुद्धा. तुम्ही ऐकाल, अशी आशा मला फारशी नाही. पंखा फिरताना बघायला मलाही आवडायचं.

मी आता खोक्यांच्या मागे, कपाटात आहे. पलीकडच्या खोलीत आज पुन्हा पाहुणे आलेत. पंख्याची घरघर ऐकू येतेय, टाळ्या ऐकू येतायत. कोणीतरी आज सकाळी जन्मलेला असेल. बाटल्यांची खळखळ होते, डब्या उघडतात, कप वाजतात. ताईही तिथेच आहे, तिच्या चपलांचा आवाज मी ओळखतो. फक्त 'झाकण!' अशी ती हाक तेवढी येत नाही.